कासवाच्या पुस्तकातली मांजर

मला लहान मुलं आवडत होती म्हणून मी शिक्षिका झाले, असं मी आजवर दोन मुलाखतींत, एका सत्कारात आणि लग्न ठरताना नवऱ्याला सांगितलं आहे. ते खोटं आहे. मला हजेरीपट आवडायचा. वसईजवळच्या निर्मळ गावातल्या आमच्या शाळेत पहिलीच्या बाई तो लांबट पुठ्ठ्याचा हजेरीपट टेबलावर पसरायच्या, लाल पेनाचं टोपण दातांनी काढायच्या आणि एकेक नाव घ्यायच्या. ज्याचं नाव घेतलं तो कितीही वांड असो, सरळ उभा राहून "हजर" म्हणायचा. आमच्या घरी माझं नाव निघायचं ते कामासाठीच. मंगल, पाणी आण. मंगल, फुलं झाक. तू आहेस ना, एवढंच विचारायला कोणी नाव घेतं याचं मला फार अप्रूप वाटे. मग मी वाडीतल्या केळींची हजेरी घेऊ लागले. केळी कधी गैरहजर राहत नसत, त्यामुळे तो खेळ लवकरच कंटाळवाणा झाला, पण बाई व्हायचं हे डोक्यात बसलं ते बसलं. कसं शिकवतात, एखाद्याला एखादी गोष्ट येते म्हणजे नक्की काय होतं, याचा विचार मी बारावी होईपर्यंत केल्याचं आठवत नाही.

आमचं घर वाडीच्या मधोमध होतं. सकाळी डोळे उघडायचे ते पंपाच्या आवाजानं, आणि थोड्या वेळानं पाणी पाटातून केळींच्या बुंध्याशी पोचलं की त्याचा वेगळा, घोट घेतल्यासारखा आवाज यायचा. आई आणि काकू तोवर मोगऱ्याच्या ओळीतून फिरून आलेल्या असत. फुलं ओल्या फडक्यात बांधून आप्पा, म्हणजे माझे वडील, स्कूटरच्या पुढ्यात टोपली अडकवून निघून जात, आणि मग घरात तांदळाच्या भाकरीचा वास सुटे. भाकरीबरोबर बहुतेक दिवस केळफुलाची भाजी. ती निवडताना हात काळे होतात आणि ते काळेपण दोन दिवस जात नाही, म्हणून शाळेच्या दिवसांत मी ते काम टाळायची आणि आई ते मुद्दाम मलाच द्यायची. घरात आमची वाड्यांतली बोली. मी दप्तर घेऊन निघाले की आते दारात अडवून "कटे साल्ली?" विचारायची, म्हणजे कुठे चाललीस, जणू रोज शाळेला जाते हे तिला ठाऊकच नाही. शाळेत असं बोललं की हसं व्हायचं, त्यामुळे मी दोन जिभा ठेवल्या होत्या, एक घरची, एक शाळेची. इथं घरच्यांचं बोलणंही मी शाळेच्या जिभेजवळ आणून लिहिते आहे. आतेनं वाचलं असतं तर नाक मुरडलं असतं.

आते आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला, ती माहेरी परतली आणि हळूहळू घरातला शेवटचा शब्द तिचा झाला. सुकेळी करायची तर तिनंच. दिवाळी सरली की राजेळी केळ्यांचे घड उतरवायचे, पिकवायचे, सोलायचे आणि मांडवावर चटई टाकून एकेक केळं उन्हात मांडायचं. दव पडायच्या आत सगळी गोळा करून टोपलीत झाकायची, सकाळी दुसऱ्या अंगावर पुन्हा मांडायची. असं आठवडाभर. मग ती तपकिरी, चिकट, मधासारखी गोड झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून केळीच्याच दोरीनं बांधायची. मुंग्या, गांधीलमाश्या आणि कावळे या तिघांशी आतेचं हाडवैर होतं. आता पुण्यामुंबईचे लोक ही सुकेळी खोक्यांतून विकत घेतात आणि मला विचारतात की यात साखर किती घालता. मी उत्तर देत नाही.

बारावीला मला मार्क बरे पडले, पण नुसतेच बरे. त्या काळी डीएडला नाव लागलं की नोकरी जवळजवळ हातात असे, त्यामुळे भली हुशार पोरंही त्या यादीत गर्दी करायची. माझं नाव प्रतीक्षा यादीत आलं आणि माझ्या वर चार नावं असताना जागा संपल्या. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आप्पा ओसरीवर बसून म्हणाले, "हे बघ, एक वर्ष थांबू. पुढल्या वर्षी परत अर्ज भर. नाव लागलं तर शीक, मी आडवा येणार नाय. नाय लागलं तर मग स्थळं बघायला घेऊ." ते नीटच बोलत होते. आमच्या आळीत बारावीनंतर एवढंही कोणी मुलीला देत नव्हतं. मी मान हलवली आणि त्या संध्याकाळी पाच भाकऱ्या खाल्ल्या.

ते मधलं वर्ष घरात काढण्यापेक्षा काहीतरी अनुभव येईल म्हणून आप्पांनी ओळखीतून मला गोखिवऱ्याच्या एका छोट्या खाजगी मराठी शाळेत लावून दिलं. रोज सकाळची एसटी, मग वसई स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला उतरायचं आणि पुढे चालत. पुलाच्या अलीकडे माझं जग होतं, बागा, विहिरी, ओळखीचे चेहरे. पलीकडे सगळंच नवं, अर्धवट बांधलेल्या इमारती, चाळी, गाळे, आणि सातिवलीच्या कारखान्यांकडे जाणारे टेम्पो. शाळा दोन गाळ्यांत भरायची. प्रत्येक गाळ्यात मधोमध प्लायवूडची भिंत घालून दोन वर्ग केलेले. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या काढायचं मशीन होतं, ते दर अर्ध्या मिनिटाला "धप्प" करायचं. शाळा चालवत होत्या सावंत बाई. मालवणकडच्या, ठेंगण्या, डब्यात रोज सुका बांगडा आणणाऱ्या आणि फार कमी बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दुसरीचा हजेरीपट दिला. बेचाळीस नावं. मी तो छातीशी धरून वर्गात गेले, ते मला अजून आठवतं, आणि अजून थोडी लाजही वाटते.

मुलं माझं ऐकत नाहीत हे मला पहिल्या तासातच कळलं. प्लायवूडच्या पलीकडे चौथी पाढे म्हणायची, भिंतीपलीकडे बादल्या पडायच्या, आणि माझा आवाज निर्मळच्या ओसरीपुरता. एक मूल उभं राहून वाचू लागलं तर तिसऱ्या रांगेपर्यंत काही पोचत नसे आणि उरलेली एकेचाळीस मारामाऱ्या करत. मग मी एक युक्ती शोधली, किंवा तेव्हा मला ती माझीच युक्ती वाटली. पुस्तक उघडा, बोट ओळीवर ठेवा, माझ्या मागून म्हणा. मी एक ओळ म्हणायची, वर्ग ती दणकून म्हणायचा. दहा वेळा, वीस वेळा. महिन्याभरात आमच्या वर्गाचा सूर असा लागला की चौथीचे पाढे मागे पडले आणि बादल्यांचं मशीनसुद्धा ऐकू येईना. बेचाळीस बोटं एकदम ओळीवरून सरकायची, बेचाळीस पानं एकदम उलटायची. सावंत बाई दारातून डोकावून गेल्या तेव्हा मला वाटलं, बघा, आहे की नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या कधीच काही बोलत नसत.

त्या सुरात सगळ्यात पुढे असायची दीपाली. पहिल्या रांगेत, भिंतीला टेकून, दोन घट्ट वेण्या. तिचे वडील सातिवलीला एका गाळ्यात मशीनवर होते, आई घरी बसून टिकल्या पाकिटांत भरायची. रत्नागिरीकडचं कुटुंब, चाळीतली एक खोली. दीपालीचा आवाज स्वच्छ होता आणि तिचं बोट ओळीवरून असं चालायचं की बघत राहावं. चुकून कधी एकटीला वाच म्हटलं तरी ती न अडखळता, योग्य तिथे थांबत, योग्य तिथे आश्चर्य वाटून वाचायची. पुस्तकात एका आजारी मांजरीचा पाठ होता. त्यात मांजर दूध पीत नाही, मग सगळी आळी काळजीत पडते. तो तर ती असा वाचे की शेवटी मांजर दूध प्यायली की मला खरंच हायसं वाटे. घरी मी आईला सांगायची, माझ्या वर्गात एक मुलगी आहे, काय वाचते. माझ्या वर्गात यातला 'माझ्या' मी जरा लांबवत असे.

सव्वीस जानेवारीला दोन गाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत झेंडावंदन होतं आणि त्या दिवशी पालकांना बोलवायची शाळेची रीत होती. सुट्टी असल्यामुळे मुलांचे वडीलही येत. प्रत्येक वर्गानं काहीतरी करून दाखवायचं. पहिलीचं बडबडगीत, चौथीचं भाषण. मी सावंत बाईंना म्हटलं, माझ्याकडून दीपाली वाचन करेल. आणि साधं पाठ्यपुस्तकातलं नाही, मी नवीन गोष्टीचं पुस्तक आणते, तिनं कधीही न पाहिलेलं, म्हणजे लोकांना कळेल. काय कळेल ते मी बोलले नाही, पण मनात होतं की मी कशी शिकवते ते. वसईच्या दुकानातून मी एक चित्रांचं पुस्तक घेतलं. विहिरीत पडलेल्या कासवाची गोष्ट. मोठी अक्षरं, प्रत्येक पानावर कासव.

दीपालीचे वडील पहिल्यांदाच शाळेत आले होते. इस्त्रीचा शर्ट, बाह्यांची घडी अजून तशीच, हात कुठे ठेवावेत हे न कळून पाठीमागे बांधलेले. ते मागच्या रांगेत उभे राहिले. मी दीपालीच्या हातात पुस्तक दिलं. तिनं ते उघडलं आणि चित्राकडे पाहिलं. क्षणभर, फार तर क्षणभर, ती थांबली. मग तिनं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि तिचा तो स्वच्छ आवाज सुरू झाला. "आमच्या आळीत एक मांजर होती. एके दिवशी तिनं दूध प्यायलं नाही." बोट सरकत होतं. पान उलटत होतं. कासव विहिरीत पडलं होतं, बेडूक काठावर जमले होते, आणि दीपाली मांजरीला औषध पाजत होती.

पहिल्या दोन ओळी माझ्या लक्षातच आलं नाही, इतका तो पाठ माझ्या कानात बसला होता. मग समोर मांडी घालून बसलेला एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "बाई, हिच्या पुस्तकात तर कासव हाय." दोनचार मुलं हसली. मी "शू" केलं. तिला थांबवावं तर पालकांदेखत काय सांगू? थांबवलं नाही तर? मी काहीच केलं नाही. दीपालीनं शेवटचं पान उलटलं, मांजर दूध प्यायली, आणि मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. सगळ्यात जास्त वेळ तिच्या वडिलांनी. नंतर जिलेबी वाटताना ते माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्या घरात वाचणारी ही पयलीच. मला तर सही पण येत नाय, अंगठा आहे. तुमचे उपकार." मी जिलेबीचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, हुशार आहे हो पोरगी.

सतरंज्या गुंडाळताना सावंत बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "अशी आणखी किती आहेत, ते बघ." बस्स, एवढंच. मी एसटीत खिडकीला डोकं लावून बसले आणि रडले नाही, कारण शेजारी आमच्या आळीतले एक काका होते. खरं सांगायचं तर मला दीपालीचा राग आला होता. फसवलं मला पोरीनं, असंच वाटत होतं. स्वतःचा राग यायला घरापर्यंत वेळ लागला.

आते मांडवावर सुकेळी गोळा करत होती. मी टोपली धरायला गेले आणि म्हटलं, "आते, मी अर्ज भरणार नाही. डीएड नको मला." ती एकेक केळं उचलत होती, अंगठ्यानं दाबत होती, काही टोपलीत टाकत होती, काही बाजूला ठेवत होती. मी सगळं सांगितलं, मांजर, कासव, टाळ्या, इस्त्रीचा शर्ट. तिनं एक केळं माझ्यासमोर धरलं. "हे बघ. वरनं झालंय, आतनं ओलं हाय. आज बांधलं तर बुरशी धरेल." मी म्हटलं, मग टाकू? तर ती माझ्यावर खेकसली, "टाकतेस काय? उद्या परत उन्हात लाव. ऊन काय संपलंय?" पुढे आयुष्यभर मी हा प्रसंग अनेकांना सांगितला आणि प्रत्येकानं मान डोलावून म्हटलं, काय सुंदर बोलली तुमची आते. पण आतेला असलं काही सुचत नसे. ती केळ्यांबद्दलच बोलत होती आणि मी काम सोडून बडबड करते म्हणून वैतागली होती. अर्ज भरायचा की नाही यावर तिचं उत्तर आलंच नाही. तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी दीपालीला थांबवून घेतलं. पाठ्यपुस्तक उघडून मी मांजरीच्या पाठातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे? ती पाठ पहिल्यापासून म्हणू लागली. मी म्हटलं, पहिल्यापासून नको, हा एवढाच. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पकडली गेल्याचा भाव नव्हता, नुसता गोंधळ होता. मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "दीपाली, तू वाचत नाहीस ना? पाठ म्हणतेस ना?"

"वाचते ना बाई."

"परवा पुस्तकात कासव होतं."

"हो. पण कासवाचं तुम्ही शिकवलं नव्हतं." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्या मागून म्हणायचं, बोट फिरवायचं, मग लक्षात राहतं. तेच वाचन ना?"

मी म्हटलं, "नाही गं. वाचन म्हणजे अक्षरं बघून कळतं ते. आधी कोणी सांगितलं नसलं तरी."

तिनं पुस्तकाकडे पाहिलं, मग रिकाम्या वर्गाकडे. "बाकीची मुलं तसं करतात? सगळी?"

सहा महिने मी त्या बेचाळीस मुलांची रोज हजेरी घेत होते, आणि त्यातलं कोण वाचतं हे मला माहीत नव्हतं. त्या पोरीनं कोणाला फसवलं नव्हतं. मी जे दाखवलं, तेच तिनं सगळ्यांत चांगलं करून दाखवलं होतं. हे लिहिते आहे तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. परवा आमच्या शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेनं मोठ्या हौसेनं मला मोबाईलवर तिच्या वर्गाचा व्हिडिओ दाखवला. सगळा वर्ग एका सुरात वाचतोय. मी म्हटलं छान आहे, आणि आता एकेकाचा काढ. ती जरा खट्टू झाली. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

त्या आठवड्यात मी वर्गातल्या प्रत्येकाला दाराबाहेरच्या पायरीवर एकेकटं बसवून बघितलं. दीपालीसारखी आणखी आठ निघाली. सावंत बाईंना सांगितलं तर त्यांनी डब्याचं झाकण लावत विचारलं, "मग आता?" मी म्हटलं, सुटल्यावर अर्धा तास थांबते. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे सरकवला. मग फेब्रुवारीपासून आम्ही, नऊ मुलं आणि मी, त्या गाळ्यात बसू लागलो. पुस्तकाला हात लावायचा नाही असं मी ठरवलं, कारण पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. बिस्किटाचे पुडे, मिठाच्या पिशव्या, दीपालीच्या आईकडची टिकल्यांची पाकिटं, जे सापडेल ते. स्टेशनकडे जाताना चारपाच मुलं माझ्याबरोबर रस्त्यानं यायची आणि दुकानांच्या पाट्या अक्षर अक्षर लावत वाचायची. दीपालीला सगळ्यात कठीण गेलं. बाकीच्यांना काही येत नव्हतं, ते शिकले. तिला येत असलेलं आधी सोडावं लागत होतं. पहिलं अक्षर दिसलं की ती अख्खा शब्द ठोकून द्यायची, तोही ऐटीत, आणि चुकला की ओठ चावायची. एकदा म्हणाली, "बाई, बाबांना सांगू नका हां." मी म्हटलं, नाही सांगणार. तिला वाटलं मी तिच्यावर उपकार करते आहे. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.

एक मे रोजी निकाल होता. त्या दिवशी गाळेही बंद असतात, त्यामुळे दीपालीचे वडील पुन्हा आले, पुन्हा तोच शर्ट. निकालपत्रकं वाटून झाली, पालक पांगले, तरी ते थांबून राहिले. म्हणाले, "बाई, तेवढं मांजरीचं वाचायला सांगा ना एकदा. आमचा पाहुणा आलाय बरोबर, त्याला ऐकवायचंय." दारात एक तरुण उभा होता, त्यांचा मेहुणा. मी दीपालीला पुस्तक दिलं. मला वाटलं ती पाठ म्हणून मोकळी होईल, आणि कबूल करते, मनात कुठेतरी मला तेच हवं होतं. पण तिनं बोट ठेवलं आणि ती वाचायला लागली. "आम...च्या. आ...ळीत. एक." मांजर शब्दाशी ती आली तेव्हा मेहुणा बाहेर बघू लागला होता. तिसऱ्या ओळीला तिच्या वडिलांचा चेहरा उतरला.

"काय झालं गं? जानेवारीत तर सरळ वाचत होतीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, ही मागे कशी गेली? घरी टिवल्याबावल्या करते, अभ्यास करत नाय, मी बघतोय." दीपाली पुस्तकावरचं बोट न हलवता खाली मान घालून उभी होती. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी सांगणार नाही म्हटलं होतं, आणि ती तो शब्द पाळत होती, माझ्या वाटचासुद्धा.

मग मी सांगितलं. सावंत बाई कपाट लावत होत्या, मेहुणा दारात होता, त्या सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, ती मागे गेलेली नाही. जानेवारीत तिनं वाचलं नव्हतं, पाठ म्हटलं होतं. पुस्तकात कासव होतं आणि ती मांजरीचं म्हणत होती. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी टाळ्या वाजवल्या, कारण मला माझी लाज झाकायची होती. सहा महिने मी तिला एकटीला वाचायला लावलंच नाही नीट. तिची चूक नाही, माझी आहे. आता ती अडखळते ती खरंच वाचते म्हणून.

त्यांनी दीपालीच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. मग हळू म्हणाले, "गाळ्यावर सगळ्यांना सांगितलं होतं मी." त्यांनी खिशात हात घातला आणि एक पोस्टकार्ड काढलं. घड्या पडलेलं, घामानं कडा मऊ झालेल्या. ते त्यांनी दीपालीसमोर धरलं. "हे वाच."

दीपालीनं कार्ड हातात घेतलं. अक्षर कोणाचं तरी तिरकं, गिचमिडं, छापील नव्हेच. मी म्हणणार होते की हातचं लिहिलेलं तिनं अजून वाचलेलं नाही, पण त्यांनी हातानं मला थांबवलं. ती सुरू झाली. "चि... बाबू... यास." एकेक शब्द, मध्ये श्वास. "माझ्या... डो... डोळ्या... चं काम... झालं." मी कार्डाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ती अडली की ते ओठ घट्ट मिटून घेत, शब्द बाहेर पडू नये म्हणून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना ते पत्र येतं. त्यातला शब्द न् शब्द त्यांना ठाऊक आहे. "गाय... व्याली. पा...डी झाली." त्यांनी मान हलवली. "मे... महिन्यात... दि... दिपूला..." ती थांबली आणि वर बघितलं. "बाबा, मी आहे यात."

"पुढं वाच."

"दिपूला... घेऊन ये. तिला... बघा... यचं आहे."

"बरोबर," ते म्हणाले. कार्ड परत घेतलं नाही. मला म्हणाले, "गावाहून आईचं पत्र येतं ते गाळ्यावरच्या पत्त्यावर. परवा सुपरवायझरनं वाचून दाखवलं. घरी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. हिला तर नायच." मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मेहुणा दारातून आत आला होता. सावंत बाईंचं कपाट केव्हाच लावून झालं होतं, तरी त्या तिथंच उभ्या होत्या.

"पुढल्या वर्षी पण तुम्हीच ना हिला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पुढच्या महिन्यात मी डीएडचा अर्ज भरणार आहे. हे वाक्य जानेवारीनंतर मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते आणि बोलल्यावरच मला कळलं की ते ठरलेलं आहे. ते काय असतं, असं त्यांनी विचारलं. बाई होण्याचं शिक्षण असतं, मी म्हटलं, दोन वर्षांचं, नाव लागलं तर.

त्यांनी मला जरा निरखून बघितलं. "म्हणजे तुम्ही अजून बाई नाय?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

दीपाली कार्डातच बघत होती. कुठल्याशा शब्दावर तिचं बोट होतं आणि ते तिनं उचललं नाही.

"आहेत ना, बाबा," ती म्हणाली, आणि पुढची ओळ लावू लागली.